रेशमी नाइट सूट घरी धुता येतो का? येतो, पण केस धुतो तसा

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय: मुलीने वाढदिवसाला मलबेरी सिल्कचा नाइट सूट दिला. गडद निळा, २२ मॉमे वजनाच्या कापडाचा, कॉलरला आणि बाह्यांना पांढरी पायपिंग. लेबलवर ‘फक्त ड्रायक्लीन’ असं लिहिलंय. रोज रात्री अंगावर घालायचा कपडा दर आठवड्याला ड्रायक्लीनला टाकणं परवडेना, म्हणून त्यांनी तो रोजच्या पावडरीत तासभर भिजवला, धुतला आणि गच्चीवर वाळत घातला. आता तो हाताला कडक लागतो, चमक गेलीय आणि पायपिंगवर निळसर छटा आलीय. असा कपडा घरी धुता येतो का, आणि जे बिघडलंय ते सुधारेल का?

ताई, मी २८ वर्षं पुण्यात रेशमी कपडे धुण्याचं, रफूचं आणि रोल-पॉलिशचं काम करतेय. पैठण्या, शालू, सोवळ्याचे कद सगळं हाताखालून गेलंय. अलीकडे दहा-बारा वर्षांत नाइट सूट आणि गाऊनही येऊ लागलेत, आणि त्यातले निम्मे तुमच्यासारखेच पावडरीने कोमेजलेले असतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. दुसऱ्याचं ‘बरंचसं हो’. पण त्याआधी नेमकं काय झालं ते समजून घ्या, म्हणजे पुढे कुठलाही रेशमी कपडा हातात आला तरी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

रेशीम म्हणजे प्रथिन. आपले केस जशा प्रथिनाचे असतात, त्याच्या जवळपासचं. कोशातून निघालेल्या कच्च्या धाग्यात दोन गोष्टी असतात: आतला मूळ तंतू फायब्रोइन आणि त्याला धरून ठेवणारा डिंकासारखा सेरिसिन. हा डिंक धाग्याच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा असतो. विणकराकडे जाण्याआधी किंवा विणल्यावर रेशीम साबणाच्या उकळत्या पाण्यात शिजवतात आणि हा डिंक काढतात. तेव्हा कुठे तो मऊपणा आणि ती चमक येते. तंतूचा छेद जवळजवळ तिकोनी असतो, त्यामुळे त्यावरून उजेड वेगवेगळ्या कोनांत परततो. तुमच्या नाइट सूटचं सौंदर्य म्हणजे हा तिकोनी तंतू आणि साटिन विणीतले लांब, मोकळे, वर आलेले धागे. दोन्ही गोष्टी घासल्याने बिघडतात.

कपडे धुण्याची नेहमीची पावडर खारी असते, तिचा पीएच दहाच्या आसपास जातो. सुती कपड्याला ते चालतं, मळ सुटायला मदतच होते. प्रथिनाला चालत नाही. त्यात हल्लीच्या बऱ्याच पावडरींमध्ये एन्झाइम असतात. दूध, रक्त, डाळ यांचे डाग खाण्यासाठी घातलेला प्रोटिएज नावाचा एन्झाइम प्रथिनच तोडतो आणि त्याला डागातलं प्रथिन आणि कपड्याचं प्रथिन यातला फरक कळत नाही. तासभर भिजवलंत म्हणजे त्याला तासभर काम करायला दिलंत. वर गच्चीवरचं ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेशीम पिवळं पडतं आणि कमजोर होतं. पांढऱ्या-क्रीम रंगावर ते लगेच दिसतं, निळ्यावर कळत नाही, पण होत असतं.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच सांगते: जे तू स्वतःच्या केसांना लावणार नाहीस, ते रेशमाला लावू नकोस. सोडा लावशील का केसांना? ब्रश मारशील का? उकळतं पाणी ओतशील का? आपल्या जुन्या बायकांना हे ठाऊक होतं. रिठ्याने केस धुवायचे आणि रिठ्यानेच रेशमी लुगडी. सोवळ्याचा मुकटा तर कित्येक घरांत साबणाशिवाय नुसत्या पाण्यातून काढून आतल्या दांडीवर टाकायचे आणि तो वर्षानुवर्षं टिकायचा.

आता लेबलचं. ‘फक्त ड्रायक्लीन’ हे उत्पादक स्वतःच्या सुरक्षिततेसाठी लिहितो. रंग किती पक्का आहे, गिऱ्हाईक काय वापरेल याची त्याला खात्री नसते. त्यात काही तथ्यही आहे: प्लीट घातलेलं, हाताने रंगवलेलं, भरतकामाचं, मखमली किंवा अस्तर लावलेलं रेशीम घरी धुऊ नयेच. क्रेप आणि जॉर्जेटही नको. त्यांच्या धाग्याला खूप पीळ असतो, पाणी लागलं की तो आखडतो आणि गाऊन वीतभर आखूड होतो. पण साधा, एकरंगी साटिनचा नाइट सूट पाण्यात धुतलेलाच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण झोपेच्या कपड्यातला मळ मुख्यतः घामाचा असतो. घामातले क्षार पाण्यात विरघळतात, ड्रायक्लीनच्या सॉल्व्हंटमध्ये ते नीट निघत नाहीत. कपडा ताजा दिसतो, पण काखेत आणि मानेपाशी क्षार साचत जातात आणि वर्ष-दीड वर्षात नेमक्या त्याच जागी रेशीम फाटतं. अशा फाटलेल्या काखा मी खूप पाहिल्यात. तिथे रफूसुद्धा धरत नाही, कारण आजूबाजूचा धागाच कुजलेला असतो. लेबलविरुद्ध जायचं तर जबाबदारी आपली, हे लक्षात ठेवून आधी रंगाची परीक्षा घ्या. ती पुढे सांगते.

कपडा खरंच रेशमी आहे ना, ही खात्रीही करून घ्या. ‘साटिन’ हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नाही. पॉलिएस्टरचं साटिन ढिगाने मिळतं. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कलात्मक रेशीम असं अनेकांना वाटतं. तिथे ‘आर्ट’ हा ‘आर्टिफिशियल’चा तुकडा आहे, म्हणजे नकली. शिवणीच्या आतल्या दाबातून दोन-चार धागे ओढा आणि चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरगळली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. कागदासारखा वास आला तर व्हिस्कोस. भारतात घेतलेल्या कपड्यावर ‘सिल्क मार्क’चं लेबल असेल तर ते शुद्ध रेशमाचं चिन्ह आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये ते सुरू झालं. आणि तुमच्या लेबलवरचं मॉमे म्हणजे रेशमाचं वजन. एक मॉमे म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम, म्हणजे तुमचं २२ मॉमे साधारण ९५ ग्रॅमचं. नाइट सूटला हे चांगलं, भरीव कापड आहे. घरच्या धुण्याला ते तग धरेल.

रंगाची परीक्षा अशी: पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करा, पायजम्याच्या आतल्या शिवणीवर ठेवा आणि दोन मिनिटं दाबून धरा. तुकड्यावर नुसती छटा आली तर घरी धुता येईल, पण झटपट. गडद डाग पडला तर घरी धुऊ नका. रंग पक्का करायला मिठाच्या पाण्यात भिजवा, असं सगळे सांगतात. रेशमाच्या बाबतीत ते सोडून द्या. रेशमावर बहुधा आम्लधर्मी रंग असतात, त्यांना मीठ धरून ठेवत नाही. उलट मिठात पडून राहिलं की रेशीम कमजोर होतं. रंग थोडाफार धरून ठेवायचा तर पाण्यात पांढरं व्हिनेगर घाला.

आता धुणं. एक स्वच्छ टब घ्या, आणि हा टब खरंच वेगळा ठेवा. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एका बाईंचा क्रीम रंगाचा गाऊन गेला. आदल्या दिवशी ज्या बादलीत पांढऱ्या चादरी ब्लीचमध्ये घातल्या होत्या, ती नीट न विसळता मी तो तीत बुडवला होता. क्लोरीनचं ब्लीच रेशीम अक्षरशः विरघळवतं. गाऊनला बोटाएवढी दोन भोकं पडली. बाई काही बोलल्या नाहीत, पण तो त्यांच्या आईने दिलेला होता. ते भोकांचं कापड मी अजून ठेवलंय आणि नव्या मुलींना दाखवते.

टबात पाच-सहा लिटर गार पाणी घ्या. नळाचं ठीक आहे. बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबणाचा चिकट थर कपड्यावर बसतो आणि रेशीम मंद दिसतं. बोअरचंच पाणी असेल तर निदान शेवटच्या विसळणीला फिल्टरचं घ्या. आणि एक चूक टाळा: आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ घरी ते कपड्यांना वापरतात. बाकी कपड्यांना वापरा, पण त्यात नळाच्या पाण्याहून जास्त क्षार असतात, रेशमाला ते नको.

साबण म्हणून लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं लिक्विड चालतं, ज्याला बहुतेक घरांत सरळ ‘ईझी’च म्हणतात. ते हाताशी नसेल तर लहान मुलांचा साधा शाम्पू. कंडिशनर मिसळलेला शाम्पू नको, तो धाग्यावर थर सोडतो. एका सूटला एक चहाचा चमचा पुरे, फेस कमी वाटला तरी वाढवू नका. रिठा वापरायचा असेल तर आठ-दहा रिठे बी काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून दुहेरी पंचातून गाळा. गाळणं महत्त्वाचं, सालीचा कण राहिला तर साटिनवर ओरखडा उठतो. रिठा किंचित आम्लधर्मी आहे, रेशमाला अगदी मानवतो. फक्त पांढऱ्या आणि फिक्या रंगांना तो तपकिरी झाक देतो, तुमच्या निळ्याला काही भीती नाही, पांढऱ्या पायपिंगला मात्र आहे.

आधी साबण पाण्यात पूर्ण मिसळा आणि मगच कपडा घाला, उलटा करून, बटणं लावून. कपड्यावर थेट लिक्विड ओतू नका. तीन मिनिटं, फार तर पाच. या वेळात कपडा पाण्यात वर-खाली करा, हलकेच दाबा आणि सोडा. कॉलर आणि काख तळहातावर घेऊन थोपटा. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा १५ ते २० टक्के कमजोर असतं, म्हणून चोळणं, आपटणं, पिळणं यांपैकी काहीही नको. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे समजावून सांगा किंवा हा एक कपडा स्वतःच धुवा. त्यांचा हात सुती कपड्यांच्या सवयीचा असतो, त्यात त्यांची चूक नाही.

दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. तिसऱ्या पाण्यात पाच लिटरला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. राहिलेला साबणाचा खारेपणा त्याने मारला जातो, धागा पुन्हा मऊ होतो, चमक वर येते. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणाचं काम आहे. मिनिटभर ठेवा आणि साध्या पाण्यातून काढा, वास राहत नाही. बटणं खऱ्या शिंपल्याची असतील तर मात्र व्हिनेगर अर्ध्यावर आणा आणि लगेच साधं पाणी द्या. शिंपला आम्लात झिजतो आणि बटणाची झळाळी जाते. महागड्या सूटना अशी बटणं असतात. दातांवर हळूच टेकवून पाहा, खरा शिंपला गार आणि जड लागतो.

पाणी काढायला जाड टर्किश टॉवेलपेक्षा जुना, मऊ पंचा उत्तम. कपडा पंचावर पसरा आणि वळकटी करून तळव्याने दाबा. तुमच्या सूटला पांढरी पायपिंग आहे, म्हणून प्रत्येक थरात कोरडा पंचा घाला, निळा भाग पायपिंगवर येऊ देऊ नका. निळसर छटा पाण्यात जितकी लागते त्याहून जास्त ओला कपडा घडीत पडून राहिल्याने लागते. तुमच्याकडेही बहुधा हेच झालंय. मग सावलीत, वारा असेल तिथे, रुंद हँगरवर किंवा दोरीवर पंचा टाकून त्यावर आडवा वाळत घाला. लाकडी चिमटे रेशमाला लावू नका. पावसाळ्यात पंख्याखाली घाला. ओलसर रेशीम कपाटात गेलं तर मुंबई-कोकणच्या हवेत चार दिवसांत बुरशीचे ठिपके दिसतील, आणि ते काढताना रंगही जातो.

इस्त्री पूर्ण वाळण्याआधीच, किंचित दमट असताना, उलट बाजूने आणि वर पातळ सुती कापड ठेवून. इस्त्रीवर ‘सिल्क’ची खूण असते, त्याच्या वर जाऊ नका. एक गोष्ट कधीही करू नका: वाळलेल्या रेशमावर पाणी शिंपडणं. त्या थेंबांचे गोल डाग उठतात. झालेच तर घाबरू नका, पूर्ण कपडा पुन्हा पाण्यातून काढला की सारखा ओला होऊन डाग जातात. एकाच जागी पाणी लावून पुसत बसलात तर डागाची कड फक्त सरकते.

मशीनबद्दल विचारणार हे माहीत आहे. फ्रंट-लोडमध्ये हँडवॉशचा प्रोग्रॅम, गार पाणी, सगळ्यात कमी स्पिन आणि कपडा जाळीच्या पिशवीत. एवढं पाळलं तर अडीअडचणीला चालतं. जीन्स, चेन असलेले कपडे, ब्रेसियरचे हूक यांच्याबरोबर कधीच नाही. ड्रायर नाही.

डागांचं थोडक्यात. तेलाचा डाग, म्हणजे केसांचं तेल कॉलरला लागतंच, त्यावर आधी टाल्कम पावडर भुरभुरून रात्रभर ठेवा, झटका, मग धुवा. रक्ताचा डाग पाळीच्या दिवसांत पायजम्याला लागतो, लाजू नका, लगेच गार पाण्यात धरा. गरम पाणी लागलं की रक्त धाग्यात पक्कं बसतं. हळदीला साबण लावला की ती लाल होते, सगळ्यांनीच पाहिलंय. म्हणून तिथे साबणवडी न लावता गार पाणी आणि शाम्पू. राहिलेली पिवळी झाक उजेडाने विरते, पण रेशीम उन्हात न ठेवता खिडकीजवळच्या सावलीत ठेवा, आठवडा लागला तरी चालेल. आणि मुरमांच्या क्रीममध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असेल तर त्याने कापडाचा रंगच उडतो. कॉलरवर आणि उशीच्या रेशमी अभ्र्यावर फिके नारिंगी ठिपके घेऊन मुली येतात आणि विचारतात, हा कसला डाग? तो डाग नसतो, तिथला रंग गेलेला असतो. परत आणता येत नाही.

म्हणून धुण्याइतकंच घालणंही महत्त्वाचं. क्रीम लावल्यावर १५ मिनिटं थांबा. टाचांना भेगा असतील तर पातळ मोजे घाला, पायजमा चढवताना साटिनचे धागे भेगांत अडकून ओढले जातात. जोडव्यांनी आणि मंगळसूत्राच्या वाट्यांनीही हेच होतं. धागा ओढला गेलाच तर कापू नका. बोथट सुईने तो मागच्या बाजूला ओढून घ्या आणि कापड दोन्ही बाजूंनी हलकं ताणा, बऱ्याच वेळा तो जागेवर बसतो. नवा सूट घेताना एक माप ढगळ घ्या. घट्ट कपड्यात कूस बदलताना काखेची शिवण उसवते, आणि रेशमाच्या शिवणीतून धागे सरकले की पुन्हा शिवायला कापड उरत नाही. दोन-तीन रात्रींनी धुवा. पंधरा दिवस घाम मुरू देऊ नका, आणि न धुतलेला सूट कधी ठेवणीत टाकू नका. घामाचं, अन्नाच्या डागाचं रेशीम कसर आधी शोधते.

आता तुमचा बिघडलेला सूट. तो दिवसा खिडकीत तिरपा धरा. कडकपणा आणि पांढुरका थर सगळीकडे सारखा असेल तर ते बहुतेक पावडरीचं आणि पाण्यातल्या क्षारांचं साचलेलं आहे. वर सांगितलेलं धुणं करा आणि व्हिनेगरचं पाणी दोनदा द्या, दोन धुण्यांत मऊपणा परत येईल. पण घडीच्या रेषांवर, कोपरांवर, जिथे चोळलं गेलं तिथेच फक्त पांढरट, लव सुटल्यासारखे पट्टे दिसत असतील तर तिथले तंतू फुटलेत. एकेका तंतूचे बारीक धागे सुटून उजेड विस्कटतात, म्हणून तो भाग फिका वाटतो. तिथला रंग गेलेला नसतो. हे पूर्ण बरं होत नाही. चांगल्या कारागिराकडून रोल-पॉलिश केलं तर लव दबते आणि काही महिने नजरेला कमी दिसते. त्यापुढे जाऊन कुणी ‘नवं करून देतो’ म्हणालं तर पैसे घालवू नका.

पायपिंगची निळाई कपडा वाळून त्यावर इस्त्री झाली असेल तर घरी जाणार नाही. रंग काढण्याच्या पावडरी मुळीच वापरू नका, त्या पायपिंग पांढरी करतील आणि शेजारचं निळंही खाऊन टाकतील. पायपिंग बदलून मिळते. ओळखीच्या टेलरकडे द्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. फक्त त्यांना सांगा, नवीन पायपिंगचं कापड आधी पाण्यातून काढून, वाळवून मग लावा. नाहीतर पहिल्याच धुण्याला ते आटेल आणि कॉलरची कड आत गोळा होईल.